घरी बांधलेल्या विमानाचं रोटरी इंजिन : देखभाल आणि पुनर्बांधणी



मागच्या आठवड्यात वर्गात वर्तुळ आणि त्रिकोण शिकवत होते. एका मुलाने मध्येच विचारलं, "बाई, त्रिकोण फिरवून गाडी चालवता येते का?" सगळा वर्ग हसला. पण मित्रांनो, प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्रिकोण फिरवून गाडी चालते, आणि विमानसुद्धा उडतं. अमेरिकेत काही लोक स्वतःच्या हाताने विमान बांधतात आणि त्यात हे त्रिकोणी इंजिन बसवतात. ते बिघडलं तर स्वतःच खोलतात, स्वतःच पुन्हा बांधतात आणि त्याच विमानात बसून उडतात. आजचा पाठ त्या इंजिनावर आहे. पाठ थोडा मोठा आहे, पण सावकाश वाचा. शेवटी स्वाध्याय दिला आहे.

१. आधी नावाचा घोळ मिटवू

"रोटरी इंजिन" या नावाची दोन वेगवेगळी इंजिनं आहेत.

पहिलं इंजिन पहिल्या महायुद्धाच्या काळातलं. फ्रान्समधल्या सेगँ बंधूंचं नोम इंजिन हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. त्यात मधला दांडा स्थिर असायचा आणि सगळे सिलिंडर पंख्याबरोबर गरागरा फिरायचे. त्याला वंगण म्हणून चक्क एरंडेल वापरत! जळलेलं एरंडेल वैमानिकाच्या तोंडावर उडायचं.

दुसरं इंजिन जर्मनीच्या फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेतून आलं. एनएसयू कंपनीत १९५७ साली त्याचा पहिला नमुना चालला. आज घरी बांधलेल्या विमानाच्या संदर्भात "रोटरी" म्हटलं की बहुतेक वेळा हेच इंजिन डोळ्यासमोर असतं. आपण याच्याबद्दल बोलणार आहोत.

२. घरी बांधलेलं विमान म्हणजे काय?

आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते अनेकांनी पाहिलं. अमेरिकेत अशी विमानं खूप आहेत. १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यात स्थापन झालेली एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही अशा हौशी बांधणाऱ्यांची मोठी संघटना आहे.

तिथला नियम साधा आहे. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी बांधलेला हवा. बांधणाऱ्याला त्या विमानापुरतं 'रिपेअरमन' प्रमाणपत्र मिळू शकतं. म्हणजे दर १२ महिन्यांनी होणारी तपासणी तो स्वतः करून वहीत सही करू शकतो.

इथे थांबून विचार करा. बांधणारा तोच, तपासणारा तोच, सही करणारा तोच आणि उडवणाराही तोच! आपणच पेपर लिहायचा आणि आपणच तपासायचा, तसं झालं हे. पेपर तपासताना आपण स्वतःला एखादा मार्क जास्त देऊन टाकू. इथे तसं केलं तर काय होईल? या प्रश्नाभोवतीच आजचा पाठ आहे.

३. इंजिन चालतं कसं?

आपल्या मोटारसायकलच्या इंजिनात पिस्टन वर-खाली जातो. वर जाऊन थांबतो, मग खाली येऊन थांबतो. वँकेल इंजिनात पिस्टन नाही आणि व्हॉल्व्हही नाहीत. मध्ये कंबर थोडी आवळलेल्या लांबट गोल खोलीत एक फुगीर बाजूंचा त्रिकोण फिरतो. त्याला रोटर म्हणतात. त्याची तिन्ही टोकं सतत खोलीच्या भिंतीला घासून चालतात. त्यामुळे भिंत आणि त्रिकोण यांच्यात तीन कप्पे तयार होतात. त्रिकोण फिरतो तसे कप्पे लहान-मोठे होतात, आणि हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं ही चारही कामं ओळीने होत जातात.

माझदा कंपनीच्या आरएक्स-७ गाडीत आलेलं १३बी हे इंजिन विमान बांधणाऱ्यांचं आवडतं. त्यात दोन रोटर आहेत. प्रत्येकी ६५४ घन सेंटिमीटर, म्हणजे एकूण १३०८. मुख्य फिरते भाग मोजा : दोन रोटर आणि एक दांडा. झाले तीन!

रोटर एकदा फिरतो तेव्हा दांडा तीनदा फिरतो. म्हणजे दांडा मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर रोटर फक्त २००० फेरे घेतो.

४. मग विमानात गिअरबॉक्स कशाला?

हे गणित मुलांना आवडेल. समजा विमानाच्या पंख्याचा व्यास १.८ मीटर आहे. तो थेट दांड्याला जोडला आणि दांडा मिनिटाला ६००० फेरे फिरला, तर सेकंदाला १०० फेरे झाले. परीघ = ३.१४ × १.८ = सुमारे ५.६५ मीटर. म्हणजे पंख्याचं टोक सेकंदाला सुमारे ५६५ मीटर जाईल. ध्वनीचा वेग साधारण ३४० मीटर आहे. टोक ध्वनीपेक्षा जोरात गेलं तर आवाज प्रचंड होतो, ताकद वाया जाते आणि पंख्यावर ताण येतो.

म्हणून मध्ये वेग कमी करणारा गिअरबॉक्स लागतो. फ्लोरिडाचे ट्रेसी क्रूक यांनी स्वतःच्या आरव्ही-४ विमानात १३बी बसवून अनेक वर्षं उड्डाणं केली आणि इतरांसाठी असे गिअरबॉक्स बनवले. त्यातला एक २.८५ : १ प्रमाणाचा आहे. ६००० ला २.८५ ने भागा. उत्तर सुमारे २१०५ येतं. आता टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १९८ मीटर झाला.

५. या इंजिनाचा जीव कशात आहे?

रोटरच्या प्रत्येक टोकावर खाचेत एक पट्टी बसवलेली असते. तिला एपेक्स सील म्हणतात. पट्टीखाली छोटी स्प्रिंग असते, ती पट्टीला भिंतीवर दाबून धरते. १९८६ नंतरच्या १३बी मध्ये ही पट्टी फक्त २ मिलिमीटर जाड आहे. रोटरच्या दोन्ही अंगांना साइड सील आणि कोपऱ्यांत गोल कॉर्नर सील असतात. एका रोटरला एपेक्स सील ३, साइड सील ६ आणि कॉर्नर सील ६. दोन रोटरचे मिळून किती? ३०! पिस्टनच्या इंजिनात रिंगा जे काम करतात, ते इथे हे ३० तुकडे करतात.

या पट्ट्यांनी मोठमोठ्या कंपन्यांना रडवलं आहे. एनएसयू कंपनीने १९६७ साली आरओ ८० ही सुंदर गाडी काढली. पण पट्ट्या लवकर झिजायच्या, आणि वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी मेटाकुटीला आली. असं सांगतात की रस्त्यात दोन आरओ ८० समोरासमोर आल्या की चालक एकमेकांना बोटं दाखवायचे : माझी इतकी इंजिनं बदलून झाली!

जपानमध्ये माझदाच्या केनइची यामामोतो यांच्या चमूलाही हाच त्रास झाला. पट्टी थरथरायची आणि भिंतीवर आडवे ओरखडे पडायचे. ते त्यांना "सैतानाच्या नखांचे ओरखडे" म्हणत. बरेच प्रयोग करून त्यांनी पट्टीचा पदार्थ बदलला, आणि १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट ही दोन रोटरची गाडी विकायला आणली.

६. रोजची देखभाल : काय बघायचं?

या इंजिनाचा एक मोठा गुण आहे. एखादी पट्टी झिजली किंवा तुटली तर ताकद कमी होते, पण इंजिन पुष्कळदा कसंबसं फिरत राहतं, आणि वैमानिकाला उतरायची जागा शोधायला वेळ मिळू शकतो. मग धोका कुठे असतो? तो बरेचदा इंजिनाच्या बाहेर असतो. पेट्रोलची नळी, पंप, वायर, बॅटरी, पाण्याचा पाइप, गिअरबॉक्स यांतलं काहीही दगा देऊ शकतं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इंजिनाची ताकद जाणं हे मोठ्या कारणांपैकी एक निघालं. विमान नवीन असतानाच्या पहिल्या काही उड्डाणांत धोका जास्त असतो, हेही त्यात दिसलं. म्हणून पुढच्या गोष्टी नेमाने बघतात.

अ) वंगण : पट्ट्यांना तेल लागतं, म्हणून हे इंजिन थोडं तेल जाळतंच. गाडीत एक छोटा पंप ते तेल आत सोडतो. विमान बांधणारे बरेच जण तो पंप काढून टाकतात आणि टू-स्ट्रोक स्कूटरसारखं पेट्रोलमध्येच तेल मिसळतात. अनेक जण गॅलनला एक औंस, म्हणजे १ : १२८ हे प्रमाण वापरतात. यात धोका एकच : परक्या विमानतळावर घाईत पेट्रोल भरलं आणि तेल विसरलं! म्हणून तेलाची बाटली विमानातच ठेवतात आणि टाकीच्या झाकणाजवळ सूचना चिकटवतात.

आ) थंडावा : रोटर आतून इंजिन-ऑइलने थंड होतो. त्यामुळे इथे पाण्याच्या रेडिएटरइतकाच ऑइल कूलर महत्त्वाचा. इंजिन एकदा जरी जास्त तापलं तरी "आता गार झालं, चालेल" म्हणायचं नाही. का, ते पुढे सांगते.

इ) ठिणगी : प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग असतात. उड्डाणाआधी एक संच बंद करून दुसऱ्यावर, मग दुसरा बंद करून पहिल्यावर इंजिन चालवून बघतात. पेट्रोलचे पंपही असेच एकेक करून तपासतात. सगळं विजेवर चालतं, म्हणून अनेक जण दोन बॅटऱ्या ठेवतात. विमानाच्या शिसेयुक्त पेट्रोलने प्लग लवकर खराब होतात, हेही लक्षात ठेवतात.

ई) धडधड : इंजिनाला 'डिटोनेशन' झालं, म्हणजे मिश्रण शांतपणे न जळता एकदम फुटल्यासारखं जळलं, तर पट्टी काही क्षणांत तुटू शकते. पेट्रोल कमी आणि हवा जास्त, किंवा ठिणगी फार लवकर, ही त्याची नेहमीची कारणं.

उ) धूर आणि वास : निळसर धूर म्हणजे तेल जास्त जळतंय. पांढरा गोडसर वासाचा धूर आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर पाण्याचं सील गेलं. गरम इंजिन पुन्हा सुरू व्हायला कटकट करतंय, तर पट्ट्यांवर संशय घ्यायचा.

७. दाब तपासणी : सरासरीने फसू नका

हा मुद्दा शिक्षकांनी मुद्दाम वाचावा. इंजिनाचा दाब मोजायला प्लगच्या भोकात मीटर लावतात. साध्या मीटरमध्ये हवा परत न सोडणारी झडप असते. पिस्टनच्या इंजिनाला ती ठीक आहे. पण रोटरला तीन कप्पे आहेत, आणि तिन्ही त्याच भोकासमोरून जातात. झडपेचा मीटर फक्त सगळ्यात चांगल्या कप्प्याचा आकडा धरून ठेवतो. बाकी दोन कप्पे आजारी असले तरी मीटर म्हणतो, सगळं छान!

आपल्या वर्गातही असंच होतं ना? वर्गात एक हुशार मूल पुढे बसून उत्तर देतं आणि आपल्याला वाटतं, वर्गाला समजलं. म्हणून रोटरी इंजिनासाठी झडप काढून किंवा खास मीटर लावून तिन्ही ठोके वेगवेगळे बघतात. तीन ठोके सारखे हवेत. एक दुबळा असेल तर तोच खरा निकाल.

८. पुनर्बांधणी : पाच पुडांचा डबा

इंजिन विमानातून उतरवलं, तेल-पाणी काढलं, गिअरबॉक्स सोडवला आणि इंजिन उभं केलं, की ते जेवणाच्या डब्यासारखं दिसतं. मागची लोखंडी प्लेट, रोटरची खोली, मधली प्लेट, दुसरी खोली, पुढची प्लेट अशी पाच पुडं. लांब बोल्ट आरपार जाऊन ती सगळी आवळून धरतात. डब्याची पुडं नीट बसली नाहीत तर आमटी कोशिंबिरीत उतरते. इथे पाणी जळणाच्या कप्प्यात उतरतं.

आता मघाचा प्रश्न. जास्त तापल्यावर काय बिघडतं? खोल्या अॅल्युमिनियमच्या असतात आणि प्लेटा बिडाच्या. एक मीटर अॅल्युमिनियम १०० अंश तापलं तर सुमारे २.३ मिलिमीटर वाढतं, बीड साधारण निम्मंच. दोघं वेगवेगळी वाढतात, मधलं रबरी सील चिरडतं आणि उष्णतेने कडक होतं. बाहेरून काहीच दिसत नाही. पुढच्या एखाद्या उड्डाणात ते गळतं.

पुनर्बांधणीची पद्धत अशी :

१) बोल्ट एकदम काढत नाहीत, सगळे थोडे थोडे सैल करतात.

२) प्लेट हळू उचलतात. खाली चिकटलेलं सील किंवा स्प्रिंग पटकन पडून हरवते.

३) प्रत्येक तुकडा काढला की लगेच लेबल : कोणता रोटर, कोणती बाजू, कोणतं टोक. अंड्यांचा ट्रे यासाठी उत्तम!

४) धुऊन, काजळी काढून तपासणी. खोलीच्या आतल्या भिंतीवर क्रोमचा मुलामा असतो. तो प्लगच्या भोकाजवळ किंवा कडेला उडाला असेल, नखाला खरखर लागत असेल, तर ती खोली पुन्हा वापरायची की बदलायची हे पुस्तकातल्या मर्यादेवरून ठरतं. मनाला काय वाटतं त्यावरून नाही.

५) रोटरच्या खाचा आणि बेअरिंग तपासतात, प्लेटांवर सीलने पाडलेली पायरी मोजतात.

६) साइड सील आणि कॉर्नर सील यांच्यातली फट फीलर गेजने मोजतात. ती ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर असावी लागते. नवीन सील थोडं लांब असेल तर टोक कानशीने जरा जरा घासून पुन्हा मोजतात. असं एकूण १२ वेळा! कंटाळा येतोच. आणि कंटाळा आला की माणूस "चालेल" म्हणतो.

७) पाण्याची सीलं आणि रबरी रिंगा जुन्या कितीही चांगल्या दिसल्या तरी नव्याच घालतात. उष्णतेने मेलेल्या स्प्रिंगाही बदलतात.

८) बांधताना सीलं जागेवरून पडू नयेत म्हणून चक्क व्हॅसलिन लावतात.

९) बोल्ट ठरलेल्या क्रमाने, टॉर्क रेंचने, दोन-तीन फेऱ्यांत आवळतात.

१०) शेवटी दांड्याची पुढे-मागे होणारी हालचाल मोजतात. ती ०.०४ ते ०.०७ मिलिमीटर हवी. मग दांडा हाताने फिरवून ऐकतात : फुस्... फुस्... फुस्... सारखा आवाज आला की बांधणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू येतं.

तरीही लगेच उडत नाहीत. आधी जमिनीवर बांधून इंजिन चालवतात, पुन्हा गळती बघतात, पुन्हा बोल्ट बघतात. मग विमानतळाच्या वरच, उंचावर घिरट्या. नव्याने बांधलेल्या विमानाला गाडीचं इंजिन बसवलं असेल तर अमेरिकेत साधारणपणे पहिले ४० तास ठरलेल्या भागातच चाचणी उड्डाण करावं लागतं, प्रवासी न घेता.

९. वही

प्रत्येक माप वहीत लिहितात : तारीख, किती तास चाललं, कुठली फट किती, काय बदललं. मागच्या वर्षीचा आणि या वर्षीचा आकडा शेजारी ठेवला की झीज कळते. वही नसेल तर फक्त आठवण उरते, आणि आठवण आपल्या सोयीची असते.

आपण रोज कितीतरी वेळा "चालेल" म्हणतो. चहात साखर कमी आहे? चालेल. रिक्षाचा आरसा हलतोय? चालेल. रिक्षा बंद पडली तर आपण कडेला घेतो. आकाशात कडेला घ्यायला रस्ता नसतो. शिवाय शेजारच्या सीटवर बांधणाऱ्याची मुलगी किंवा मित्र विश्वासाने बसलेला असतो. त्याने फीलर गेज पाहिलेला नसतो, त्याने फक्त बांधणाऱ्याकडे पाहिलेलं असतं. म्हणून स्वतःचा पेपर तपासताना सगळ्यात कडक शिक्षक व्हावं लागतं.

थोडक्यात

• वँकेल इंजिनात मुख्य फिरते भाग कमी, पण ३० छोट्या सीलांवर सगळं अवलंबून.
• इंजिनाइतकंच पेट्रोल, वीज, थंडावा आणि गिअरबॉक्स यांच्याकडे लक्ष.
• दाब मोजताना तिन्ही कप्पे वेगळे बघा.
• अंदाज नको, माप हवं. माप घेतलं की लिहून ठेवा.

स्वाध्याय

१) दांडा मिनिटाला ५४०० फेरे घेत असेल तर रोटर किती फेरे घेईल?
२) ५० लीटर पेट्रोलमध्ये १ : १२८ प्रमाणाने किती मिलिलीटर तेल लागेल? (उत्तर : सुमारे ३९०)
३) साधा दाबमापक रोटरी इंजिनाला का चालत नाही? तुमच्या शब्दांत लिहा.
४) अॅल्युमिनियम आणि बीड यांच्या प्रसरणातल्या फरकामुळे काय बिघडतं?

उपक्रम

वहीचे १०० कागद एकत्र दाबून पट्टीने जाडी मोजा आणि १०० ने भागा. एका कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटरच्या आसपास येईल. म्हणजे साइड सीलची फट अर्ध्या ते दीड कागदाएवढी! मुलांना हे स्वतः मोजू द्या. दशांश चिन्ह एक घर सरकलं तर काय होईल, यावर वर्गात चर्चा घ्या. आमच्या वर्गात त्या दिवशी कोणीच हसलं नाही, सगळे कागद मोजण्यात गुंग होते.

पाठ आवडला तर आपल्या वर्गात नक्की घ्या.